सीसीटीव्हीत विमान ‘भरधाव’ दिसलं, म्हणजे ते खरंच भरधाव होतं का? व्हिडिओवरून विमानाचा वेग कसा काढतात?

१४ सप्टेंबर २०२३. मुंबईत धो-धो पाऊस सुरू होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास विशाखापट्टणमहून आलेलं लिअरजेट ४५ हे छोटं खासगी विमान मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होतं. दृश्यमानता जेमतेम ७०० मीटर होती. विमान धावपट्टीवरून बाजूला गेलं, जमिनीवर आपटलं, तुटलं आणि आग लागली. आत ६ प्रवासी आणि २ वैमानिक होते. नशीब बलवत्तर, आठही जण वाचले.

थोड्याच वेळात सीसीटीव्हीची क्लिप सगळीकडे फिरली. काही सेकंदांत सगळा खेळ संपतो. ती बघणाऱ्या कुणालाही पहिला प्रश्न हाच पडतो, की विमान केवढ्या स्पीडने आलं होतं?

हा प्रश्न दरवेळी पडतो. प्रत्येक अपघातानंतर कुणीतरी क्लिप थांबवून, त्यावर रेघा मारून एक आकडा जाहीर करतं. ‘विमानाचा वेग ३०० च्या वर होता’, ‘पायलटने स्पीड कमीच केला नाही’ वगैरे. तपास अजून सुरूही झालेला नसतो, पण वैमानिकाच्या नावावर दोष चिकटलेला असतो. तो वैमानिक अपघातात गेला असेल तर उत्तर द्यायलाही कुणी नसतं.

हा विषय फक्त मुंबई-दिल्लीचा नाही. धाराशिवलाही धावपट्टी आहे. २००९ मध्ये राज्यातली जी पाच छोटी विमानतळं ९५ वर्षांच्या भाडेकरारावर रिलायन्स एअरपोर्ट डेव्हलपर्सला देण्यात आली, त्यात नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळच्या जोडीला तेव्हाचं उस्मानाबादही होतं. अशा ठिकाणी नियमित प्रवासी विमानसेवा असो किंवा नसो, खासगी किंवा प्रशिक्षणाची विमानं उतरू शकतात. आणि कॅमेरे तर आता पेट्रोल पंपापासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळीकडे आहेत.

म्हणून प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे. सीसीटीव्हीवरून वेग काढता येतो का? येतो. पण तो आकडा किती खरा असतो? इथेच खरी गोम आहे.

हिशोब शाळेतलाच आहे

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. सहावी-सातवीच्या पुस्तकातलं हे सूत्र. व्हिडिओतून वेग काढायचा तरी यापेक्षा वेगळं काही करायचं नसतं. वाहन कुठून कुठे गेलं ते मोजायचं आणि त्याला किती वेळ लागला ते मोजायचं.

हे समजायला विमानतळावर जायची गरज नाही. धाराशिवजवळून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग डोळ्यांसमोर आणा. रस्त्याकडेच्या पेट्रोल पंपावर कॅमेरा आहे. रस्त्याच्या पलीकडे विजेचे दोन खांब आहेत आणि त्यांच्यात ५० मीटर अंतर आहे. तुळजापूरकडे जाणारी एसटी कॅमेऱ्यासमोरून जाते. तिचं नाक पहिल्या खांबाला झाकतं आणि दीड सेकंदाने दुसऱ्या खांबाला झाकतं.

आता हिशोब करा. दीड सेकंदात ५० मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटर. झालं, एसटीच्या ड्रायव्हरवर बेदरकारपणाचा ठपका!

पण थांबा. खांब रस्त्याच्या पलीकडे आहेत आणि बस अलीकडच्या लेनमधून गेली. समजा, खांब कॅमेऱ्यापासून ४० मीटरवर आहेत आणि बस २० मीटरवरून गेली. म्हणजे बस बरोब्बर मध्यावर होती. कॅमेऱ्यापासून दोन्ही खांबांकडे दोन रेघा ओढल्या तर एक त्रिकोण तयार होतो. त्याच्या मध्यावर रुंदी ५० मीटर नसते, २५ मीटर असते. बस प्रत्यक्षात तेवढीच पुढे गेली. दीड सेकंदात २५ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर.

व्हिडिओ खोटा नव्हता, घड्याळही बरोबर होतं, खांबांमधलं अंतरही टेपने मोजलेलं होतं. तरीही उत्तर दुप्पट आलं. चूक एवढीच, की बस खांबांना चिकटून गेली असं गृहीत धरलं.

विमानतळावर हाच घोळ आणखी मोठा होतो

धावपट्टी कॅमेऱ्यापासून कित्येक शे मीटर लांब असते. समोर कुंपणाचे खांब असतात. समजा, कॅमेऱ्यापासून ५० मीटरवर कुंपण आहे, त्याचे दोन खांब १० मीटर अंतरावर आहेत आणि त्यामागे ५०० मीटरवर धावपट्टी आहे. तर त्या दोन खांबांच्या मध्ये दिसणारा धावपट्टीचा तुकडा १० मीटरचा नसून १०० मीटरचा असतो.

म्हणजे वेग काढायचा तर कॅमेरा नेमका कुठे आहे, तो कोणत्या दिशेला बघतो आणि विमान कोणत्या रेषेवरून गेलं, हे तिन्ही माहीत हवं. धावपट्टी ५०० मीटरवर असताना कुणी अंदाजाने ४०० धरली, तर १२५ नॉटचं उत्तर १०० नॉट येतं. नॉट हे विमानाच्या वेगाचं नेहमीचं एकक. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

त्यातही विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवरच होतं याची खात्री काय? मुंबईच्या अपघातात विमान धावपट्टीवरून बाजूलाच गेलं होतं. मध्यरेषा धरून केलेला हिशोब अशा वेळी तिथेच बिघडतो.

मग विमानाचीच फूटपट्टी केली तर?

यावर एक हुशार उपाय आहे. विमानाची लांबी तर ठरलेली असते. लिअरजेट ४५ ची लांबी साधारण १७.७ मीटर. म्हणून धावपट्टी, कुंपण सगळं सोडून द्यायचं आणि विमानाला स्वतःच्या लांबीएवढं पुढे सरकायला किती वेळ लागला ते बघायचं. म्हणजे एखाद्या बिंदूवर विमानाचं नाक आलं, तिथून त्याच बिंदूवर शेपूट येईपर्यंतचा वेळ मोजायचा.

या पद्धतीत कॅमेरा किती लांब आहे याने फारसा फरक पडत नाही. विमान कॅमेऱ्याच्या अगदी काटकोनात न जाता थोडं तिरपं गेलं, तरी त्याची दिसणारी लांबी आणि दिसणारं सरकणं दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात कमी होतं. सोशल मीडियावरचे बरेचसे हिशोब याच पद्धतीने केलेले असतात. आणि पद्धत म्हणून ती चुकीची नाही.

पण आकडे बघा. या आकाराची जेट विमानं साधारण ११० ते १३० नॉट वेगाने उतरतात. आपण १२५ नॉट धरू, म्हणजे ताशी सुमारे २३१ किलोमीटर, सेकंदाला ६४ मीटर. या वेगाने १७.७ मीटर जायला लागतात फक्त ०.२८ सेकंद. डोळ्याची पापणी लवायलाही साधारण एवढाच वेळ लागतो.

व्हिडिओ म्हणजे एकापाठोपाठ एक फोटो. त्यातल्या एकेका फोटोला फ्रेम म्हणतात. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेत असेल, तर दोन फ्रेममध्ये ०.०४ सेकंदांचं अंतर. म्हणजे विमान स्वतःच्या लांबीएवढं सरकायला साधारण ७ फ्रेम.

७ फ्रेम मोजल्या, तर वेग १२३ नॉट.
६ मोजल्या, तर १४३ नॉट.
८ मोजल्या, तर १०७ नॉट.

मोजण्यात एका फ्रेमची चूक झाली, की तेच विमान एकदा फार वेगात आलेलं ठरतं आणि एकदा धोकादायकरीत्या हळू आलेलं ठरतं. आणि एका फ्रेमची चूक होतेच. पावसात किंवा अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ प्रकाश घेतो. तेवढ्या वेळात विमान मीटर-दोन मीटर पुढे गेलेलं असतं. त्यामुळे नाक नेमकं कुठे संपतं तेच दिसत नाही, नुसता पांढरा फराटा दिसतो.

बरेच सीसीटीव्ही हार्ड डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी सेकंदाला १५ च फ्रेम घेतात. तिथे तर विचारूच नका. ४ फ्रेम मोजल्या तर १२९ नॉट, ३ मोजल्या तर १७२ आणि ५ मोजल्या तर १०३.

म्हणून जाणकार एक लांबी मोजत नाहीत. विमान जितकं जास्त अंतर दिसतं तितकं मोजतात. दहा लांब्या, म्हणजे १७७ मीटर मोजता आले, तर १५ फ्रेमच्या कॅमेऱ्यातही सुमारे ४१ फ्रेम मिळतात. मग एका फ्रेमची चूक झाली तरी उत्तर फक्त ३ नॉटने हलतं. अर्थात, त्यासाठी विमान तेवढा वेळ सलग दिसायला हवं. शिवाय चाकं टेकल्यावर विमानाचा वेग झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे टेकण्याआधीचा आणि नंतरचा वेळ एकत्र करून काढलेली सरासरी हा उतरतानाचा वेग नसतोच.

फ्रेम तरी खऱ्या आहेत का?

आपल्यापर्यंत येणारी क्लिप म्हणजे कॅमेऱ्यातलं मूळ रेकॉर्डिंग नसतं. बऱ्याचदा कंट्रोल रूममधल्या स्क्रीनचं कुणीतरी मोबाइलने शूटिंग केलेलं असतं. ते व्हॉट्सॲपवर जातं, तिथे फाइल दाबून छोटी होते. मग एखादं चॅनेल ते उचलतं, स्लो मोशन करतं, गोल करून दाखवतं. त्यावरून रील बनतं.

या प्रवासात वेळेची मोडतोड होते. १५ फ्रेमचं रेकॉर्डिंग कुठल्यातरी सॉफ्टवेअरने २५ फ्रेमचं समजून चालवलं, तर व्हिडिओ पावणेदोन पट पळतो. १२५ नॉटचं विमान २०८ नॉटने उतरताना दिसतं. डोळ्यांना फारसं काही जाणवतही नाही, कारण विमान पळणारच असतं.

हे पकडायची एक साधी युक्ती आहे. सीसीटीव्हीच्या कोपऱ्यात तारीख-वेळ असते. त्यातले सेकंद आपल्या घड्याळातल्या सेकंदांबरोबर पडतात का ते बघायचं. नसतील, तर क्लिपचा वेग बदललेला आहे. क्लिपमधून तो कोपराच कापलेला असेल, तर तिच्यावरून वेग काढायचा नादच सोडावा.

भिंग हा आणखी एक भाग. सीसीटीव्हीला रुंद दृश्य दाखवणारं भिंग असतं. त्यात चित्राच्या मध्यावर आणि कडेला मोजमाप सारखं राहत नाही. सरळ भिंत कडेला बाकदार दिसते, ती याचमुळे. मध्यावरचं प्रमाण धरून कडेचं अंतर मोजलं, की उत्तर चुकतं.

आपले डोळेही फसवतात

यात एक गंमत आहे. मोठं प्रवासी विमान उतरताना आपल्याला हळू, डौलात आल्यासारखं वाटतं आणि छोटं जेट बाणासारखं. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटं असतं.

बोइंग ७७७-३०० ईआर सुमारे ७४ मीटर लांब आहे. ते १४५ नॉटच्या आसपास वेगाने उतरत असेल, तर स्वतःची लांबी ओलांडायला त्याला एक सेकंद लागतो. लिअरजेट त्याच्यापेक्षा २० नॉटने हळू असूनही स्वतःची लांबी ०.२८ सेकंदात ओलांडतं. आपला मेंदू वेग मोजताना वस्तूच्या आकाराशी तुलना करतो. त्यामुळे छोटं विमान जवळपास चौपट वेगवान वाटतं.

म्हणजे ‘बघा कसलं सुसाट आलं’ हे वाटणं खरं असलं, तरी तो पुरावा नाही.

आणि वेग जास्त असणं हाच एक धोका असतो असंही नाही. ६ जुलै २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एशियाना एअरलाइन्सचं बोइंग ७७७ उतरताना समुद्राच्या बांधावर आपटलं. ३ जणांचा मृत्यू झाला. त्या विमानाचा उतरतानाचा ठरलेला वेग १३७ नॉट होता आणि शेवटी तो सुमारे १०३ नॉटपर्यंत खाली आला होता. तिथे अडचण वेग कमी पडल्याची होती. एका फ्रेमच्या चुकीने याच दोन गोष्टींची अदलाबदल होते, हे लक्षात घ्या.

कॅमेऱ्याला दिसतो तो वेग कोणता?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा, कॅमेरा उत्तम आहे, फ्रेम खऱ्या आहेत, अंतरही बरोबर आहे. तरी कॅमेऱ्यातून मिळतो तो जमिनीच्या तुलनेतला वेग. वैमानिक समोरच्या काट्यावर बघतो तो वाऱ्याच्या तुलनेतला वेग. हे दोन वेगळे आहेत.

नदीत प्रवाहाबरोबर पोहणारा माणूस काठावरून भरभर जाताना दिसतो, पण हात तेवढेच मारत असतो. विमानाचं तसंच. मागून वारा असेल, तर काट्यावरचा वेग तोच राहून जमिनीवरचा वेग वाढतो.

याचं सगळ्यात दुःखद उदाहरण मराठी माणसांच्या चांगलंच लक्षात आहे. ७ ऑगस्ट २०२०. कोविडच्या काळात दुबईहून भारतीयांना घेऊन आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान कोझिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन खाली कोसळलं. विमानात १९० जण होते, २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात विमानाचे कॅप्टन, हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर दीपक साठेही होते. त्यांचे आईवडील नागपूरचे.

विमान अपघात तपास विभागाचा, म्हणजे एएआयबीचा अहवाल २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आला. त्यात नोंद आहे, की विमान टेकलं तेव्हा जमिनीवरचा वेग १६५ नॉट होता आणि मागून १४ नॉटचा वारा होता. म्हणजे हवेच्या तुलनेत वेग साधारण १५१ नॉट. हाच वारा समोरून असता, तर जमिनीवरचा वेग १३७ नॉटच्या आसपास राहिला असता. थांबवण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. म्हणून फक्त वाऱ्याची दिशा उलटी असल्याने ब्रेकना सुमारे ४५ टक्के जास्त ऊर्जा जिरवायची होती.

आता कल्पना करा. त्या रात्री कुणी व्हिडिओवरून १६५ हा आकडा अगदी अचूक काढला असता आणि ‘पायलट १६५ ने उतरला’ असं लिहिलं असतं, तर आकडा बरोबर असूनही चित्र अर्धवट राहिलं असतं. अहवालात इतरही गोष्टी होत्या. आधीच्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर तब्बल ४,४३८ फूट पुढे गेल्यावर टेकलं. सहवैमानिकाने परत वर जाण्याची सूचना केली होती, तरी उतरणं सुरू राहिलं. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, हे अहवालाने संभाव्य कारण म्हणून स्पष्ट लिहिलं. हे सगळं कळायला रेकॉर्डर, आवाजाचं रेकॉर्डिंग, हवामानाच्या नोंदी आणि वर्षभराचं काम लागलं. कॅप्टनची चूक सांगणारा तो अहवाल कठोरच आहे. पण त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे पुरावा आहे.

मग तपास करणारे सीसीटीव्हीचं काय करतात?

ते फुटेज वापरतात, पण कशासाठी ते बघा.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं एआय-१७१ कोसळलं. पहिल्याच दिवशी मोबाइलवरच्या धूसर क्लिप बघून अनेकांनी पंखांच्या फ्लॅपबद्दल ठाम मतं मांडली. फ्लॅप उघडलेच नव्हते, असं सांगितलं गेलं. एएआयबीचा प्राथमिक अहवाल महिनाभराने आला. त्यात फ्लॅपचा दांडा उड्डाणासाठी योग्य असलेल्या ५ अंशांवर सापडल्याची नोंद होती.

त्याच अहवालात विमानतळाच्या सीसीटीव्हीचाही उल्लेख आहे. विमानाने जमीन सोडल्यावर लगेच रॅम एअर टर्बाइन, म्हणजे आणीबाणीत वीज आणि हायड्रॉलिक दाब पुरवणारा छोटा पंखा बाहेर आल्याचं त्या फुटेजमध्ये दिसलं. पण विमानाचा सर्वाधिक वेग १८० नॉट होता, हा आकडा अहवालाने विमानातल्या रेकॉर्डरमधून घेतला.

यातून कामाची वाटणी कळते. काय घडलं, कोणत्या क्रमाने घडलं, विमान कुठे टेकलं, आग आधी लागली की नंतर, कोणता भाग बाहेर होता, याला कॅमेरा उत्तम साक्षीदार आहे. किती वेगाने, याला रेकॉर्डर.

कॅमेऱ्यावरून अचूक वेग काढता येतच नाही, असं मात्र नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातल्या चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली. गाड्यांमधल्या आणि इमारतींवरच्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं होतं. त्या व्हिडिओंवरून शास्त्रज्ञांनी उल्केचा वेग काढला. तो सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर होता. पण कसा काढला? जिथून व्हिडिओ घेतले गेले होते त्या ठिकाणी ते स्वतः गेले, तिथून रात्री ताऱ्यांचे फोटो काढले आणि ताऱ्यांच्या ठाऊक असलेल्या जागांवरून प्रत्येक व्हिडिओतले कोन पक्के केले. शिवाय एक नाही, अनेक कॅमेरे एकमेकांशी ताडून पाहिले. आणि उत्तरासोबत ते किती इकडेतिकडे होऊ शकतं हेही लिहिलं.

खुर्चीत बसून रीलवर रेघा मारणं आणि हे, यात हाच फरक आहे.

धाराशिवसारख्या ठिकाणी कॅमेऱ्याचं मोल जास्त

आता उलट बाजूही बघू. मोठ्या प्रवासी विमानात ब्लॅक बॉक्स असतो. पण प्रशिक्षणासाठी वापरतात त्या सेसना १५२ सारख्या छोट्या विमानांत तो सहसा नसतो. फ्लाइटरडारसारख्या वेबसाइटवर दिसणारा वेग विमानातून येणाऱ्या रेडिओ संदेशांवर चालतो. हे संदेश सरळ रेषेत जातात. विमान जमिनीजवळ आलं आणि जवळपास ते संदेश पकडणारं यंत्र नसलं, तर शेवटच्या मिनिटाची नोंदच मिळत नाही.

म्हणजे छोट्या धावपट्टीवर छोट्या विमानाला काही झालं, तर शेजारच्या शेतातल्या घराचा किंवा रस्त्यावरच्या हॉटेलचा सीसीटीव्ही हा फार मोलाचा पुरावा ठरू शकतो. मात्र तो तसा टिकवायला हवा.

पहिली गोष्ट म्हणजे मूळ रेकॉर्डिंग जपायचं. बहुतेक डीव्हीआर काही दिवसांनी जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढवतात. स्क्रीनचं मोबाइलवर शूटिंग करून ठेवलं म्हणजे काम झालं, असं नाही. मूळ फाइल काढून पोलिसांकडे किंवा तपास पथकाकडे द्यायची.

दुसरी, कॅमेरा हलवायचा नाही. त्याची जागा आणि कोन तोच राहिला, तर नंतर येऊन खांब, झाडं, धावपट्टीच्या खुणा मोजून हिशोब करता येतो. साफसफाई करताना कॅमेरा चार बोटं फिरला, तरी ते मोजमाप गेलं.

तिसरी, डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे ते लगेच लिहून ठेवायचं. नंतर ते कुणी दुरुस्त केलं, तर जुन्या फुटेजची वेळ जुळवणं कठीण जातं.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

पुढच्या वेळी ‘व्हिडिओवरून सिद्ध, विमानाचा वेग इतका’ अशी पोस्ट आली, तर फार गणित करत बसू नका. एवढंच विचारा:

१. फुटेज मूळ आहे की स्क्रीनचं शूटिंग? कोपऱ्यातलं घड्याळ नीट चालतंय का?
२. सेकंदाला किती फ्रेम धरल्या आणि एकूण किती फ्रेम मोजल्या? पाच-सात फ्रेमवरचा आकडा म्हणजे निव्वळ अंदाज.
३. अंतर कशावरून घेतलं? कॅमेरा कुठे होता, हे सांगितलंय का?
४. हा वेग जमिनीच्या तुलनेतला आहे. त्या वेळी वारा किती आणि कुठून होता?
५. आकड्यासोबत ‘इतका कमी किंवा इतका जास्त’ असं लिहिलंय का?

पाचवा प्रश्न सगळ्यांत कामाचा. जो प्रामाणिकपणे मोजतो तो ‘१४३’ असं कधीच लिहीत नाही. तो ‘१०५ ते १४५ च्या दरम्यान’ असं लिहितो. मग बघणाऱ्याला लगेच कळतं, की या व्हिडिओवरून वैमानिक वेगात होता की नव्हता, हे ठरवताच येत नाही. ‘ठरवता येत नाही’ या उत्तराला लाइक कमी मिळतात. पण अपघातात गेलेल्या किंवा वाचलेल्या माणसाच्या नावावर चुकीचा ठपका बसत नाही.